स्लोव्हेनियाला जरूर जा, पण मुलीच्या फीची एफडी मोडून नको

प्रश्न : मी सांगलीत सहकारी बँकेत नोकरीला, पत्नी शिक्षिका. येत्या डिसेंबरात लग्नाला पंचवीस वर्षं होतील. त्यानिमित्त या मे महिन्यात दहा दिवस स्लोव्हेनियाला जायचा विचार आहे. फारसं कुणी जात नाही, त्यामुळे स्वित्झर्लंडपेक्षा स्वस्त पडेल असं वाटतं. दोघांचा खर्च पाच लाख धरलाय, हिशेबाचा कागद सोबत जोडलाय. बचत खात्यात आणीबाणीची रक्कम सोडून 1.7 लाख आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पुढच्या दोन वर्षांसाठी 6 लाखांची एफडी आहे. ती मोडू, की पर्सनल लोन घेऊ? महिन्याला बावीसेक हजार शिल्लक पडतात.

उत्तर : दोन्ही नको. सहल मात्र रद्द करू नका, पुढच्या मेमध्ये करा. डिसेंबरच्या लग्नाच्या वाढदिवसापासून हा मे सात महिने आधी पडतो, पुढचा मे पाचच महिन्यांनी. निमित्त कुठेही हुकत नाही.

एफडीचं आधी सांगतो. फीची तारीख ठरलेली आहे, तुमच्या सोयीने ती पुढे सरकणार नाही. मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळतं, ते नुकसान त्यामानाने किरकोळ. पण पुढच्या वर्षी फी भरताना तुम्हाला शैक्षणिक कर्ज काढावं लागलं, तर प्रत्यक्षात तुम्ही सहलीसाठीच कर्ज काढलेलं असेल, फक्त मुलीच्या नावाने. हे मला अजिबात पटत नाही.

पर्सनल लोनचा हिशेब तुम्ही बँकेत रोज बघता, तरी इथे मांडतो. 5 लाख, 13 टक्के, तीन वर्षं : हप्ता साधारण 16,850 रुपये आणि एकूण व्याज लाखाच्या वर. तुमच्या महिन्याच्या शिल्लकेतले तीन चतुर्थांश पैसे तीन वर्षं त्यातच जातील, आणि मुलीची फी नेमकी त्याच काळात आहे. ट्रॅव्हल कंपनीच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यालाही भुलू नका; प्रोसेसिंग फी आणि रोखीवरची हुकलेली सूट हिशेबात धरून बघा.

त्याऐवजी महिन्याला बावीस हजारांचं आरडी (आवर्ती ठेव) आजच सुरू करा. पंधरा महिन्यांत 3.3 लाख, त्यात हातातले 1.7 लाख, झाले पाच, व्याज वेगळं. इतक्या कमी मुदतीचे पैसे शेअर बाजारात घालू नका, तिथे एसआयपी चालू असेल, तर ते निवृत्तीसाठीच राहू दे.

आता ‘फारसं कुणी जात नाही म्हणून स्वस्त’ याबद्दल. स्लोव्हेनियात 2007 पासून युरो आहे आणि देश शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. म्हणजे व्हिसा फी माणशी 90 युरोच, किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच, आणि इथून राजधानी ल्युब्लियानाला थेट विमान नसल्याने तिकिटातही फार सुटत नाही. खरी बचत होते ती देशाच्या आकारामुळे. क्षेत्रफळ सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याच्या साधारण सव्वापट. ल्युब्लियाना आणि ब्लेड किंवा बोहिन्य (दोन्ही तळ्याकाठची ठिकाणं) असे दोनच मुक्काम ठेवले, तरी पोस्तोयनाच्या गुहा आणि पिरानचा समुद्रकिनारा बस-रेल्वेने एका दिवसात जाऊन-येऊन होतात. रोज हॉटेल बदलावं लागत नाही. जुलै-ऑगस्टची गर्दी टळते म्हणून मे महिना चांगलाच आहे.

तुमच्या कागदावर ‘गाडी भाड्याने : 15,000’ एवढंच लिहिलंय. त्यात पेट्रोल, महामार्गाचा विन्येट (टोलऐवजी घ्यायचा मुदतीचा पास), आरटीओतून काढायचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि भाडे कंपनी क्रेडिट कार्डावर अडवून ठेवते ती अनामत, यातलं काहीच धरलेलं नाही. सोचा खोऱ्यात व्रशिच घाटातून (उंची 1,611 मीटर) जायची हौस असेल, तर दोन दिवसांपुरती गाडी घ्या. बाकी बस पुरते.

एकूण रकमेत आठ-दहा टक्के वाढीव धराच, कारण तुम्ही बचत रुपयांत करताय आणि खर्च युरोत. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (चलन बदलण्याचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो. फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवायचं कार्ड) घ्या, दोन-तीन टप्प्यांत भरा. इथल्या कंपनीचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस (कंपनीने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, तेवढी तजवीज हवी.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. व्हेनिसला उतरून बसने ल्युब्लियाना गाठणार असाल, तरी जास्त रात्री स्लोव्हेनियात असल्याने अर्ज स्लोव्हेनियाकडेच करायचा. खात्याचं स्टेटमेंट बघितलं जातं. अर्जाच्या तोंडावर कर्जाचे पाच लाख एकदम जमा झालेले दिसले तर प्रश्न येतात. दर महिन्याला शिल्लक टाकणाऱ्या पगारदाराचं खातं तिथे आपोआप उजवं ठरतं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, त्यामुळे शिक्का हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच हॉटेलं ठेवा आणि विमानाचं फक्त आरक्षण, पूर्ण पैसे नंतर.