'प्रोटॉन-अवक्षेपण' की 'प्रोटॉनवृष्टी'?

ठाण्यातील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, चुंबकीय वादळांवरील (म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सूर्यामुळे होणाऱ्या खळबळीवरील) मराठी टिपणात 'प्रोटॉन प्रेसिपिटेशन'साठी, म्हणजे प्रोटॉन वरून वातावरणात उतरण्यासाठी, त्यांनी योजलेला 'प्रोटॉन-अवक्षेपण' हा शब्द सहकाऱ्यांना खटकला, तो बदलावा काय?

बदलावा. अवक्षेप हा रसायनशास्त्रातला शब्द आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी ओतल्यावर जो पांढरा साका तळाशी बसतो, तो अवक्षेप. इंग्रजीने साका आणि पाऊस या दोन्हींना एकच नाव दिले आहे, मराठीने दिलेले नाही. आपल्या शालेय भूगोलात पाऊस, हिम आणि गारा या साऱ्यांना मिळून 'वृष्टी' म्हणतात.

'वर्षाव' का नको, असे कोणी म्हणेल. उल्कावर्षाव रूढ आहेच. पण उल्का बाहेरून येतात. वादळातले बरेचसे प्रोटॉन मात्र पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहात, म्हणजे कड्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहात, आधीच अडकलेले असतात. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत ते उत्तर-दक्षिण येरझारा घालतात आणि चुंबकीय क्षेत्र तीव्र होत गेले की मागे फिरतात. वादळात विद्युतचुंबकीय लहरींमुळे त्यांपैकी काहींच्या गतीची दिशा बदलते आणि ते मागे न फिरता वातावरणात उतरतात. ढगाला न पेललेले पाणी खाली यावे, तसाच हा प्रकार असल्याने वृष्टी हाच शब्द मला नेमका वाटतो. ('गळती'ही सुचली होती, पण तिने टाकीची आठवण होते, आभाळाची नाही.)

ही वृष्टी जमिनीपर्यंत पोहोचत नाही, हा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण या प्रोटॉनांच्या दृष्टीने वातावरण हीच जमीन असते. वलयप्रवाहातले प्रोटॉन साधारण 100 ते 130 किलोमीटर उंचीवर थांबतात आणि वाटेत नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंचे आयनीभवन करतात. त्यातला एखादा प्रोटॉन एखाद्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून हायड्रोजनचा उदासीन अणू बनला, की चुंबकीय क्षेत्राची पकड सुटून तो भलतीकडेच जातो आणि पुढे इलेक्ट्रॉन गमावून पुन्हा प्रोटॉन होतो. म्हणून प्रोटॉनांचा ध्रुवीय प्रकाश पसरट आणि अंधुक दिसतो. त्यातल्या हायड्रोजनच्या वर्णरेषा नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ लार्स वेगार्ड यांनी 1939 मध्ये नोंदवल्या. सूर्याकडून थेट येणारे 1 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन तर सुमारे 65 किलोमीटरपर्यंत खाली शिरतात, आणि त्यांच्यामुळे तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोनचा ऱ्हास करतात. हे प्रोटॉन बाहेरून येतात, तेव्हा काटेकोरपणे पाहता इथे 'वर्षाव'ही चालला असता. पण एका टिपणात दोन शब्द वापरून विद्यार्थ्यांचा गोंधळ करू नये.

'एनर्जेटिक'साठी या शिक्षिकेने 'उत्साही' लिहिलेले नाही, हे बरेच झाले. तरी 'ऊर्जावान प्रोटॉन'पेक्षा 'उच्च ऊर्जेचे प्रोटॉन' बरे. 'चुंबकीय वादळ' चूक नाही, पण सूर्यावरही चुंबकीय घडामोडी होत असल्याने 'भूचुंबकीय' अधिक नेमके. आणि आपल्या नवीन पनवेलमधल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या नावात तो शब्द आहेच.