गोळे सुटले, सॉसही फाटला

प्रश्न : ताई, स्वीडिश मीटबॉल केले. गोळे कढईत सुटले, क्रीम सॉस फाटला. कुठे चुकलं? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : खिमा धुऊन तसाच ओला घेतलात ना? मग गोळा सुटणारच. अर्धा किलो कोरड्या खिम्यात दुधात भिजवलेले दोन ब्रेड, एक अंडं आणि लोण्यात परतलेला कांदा घाला. वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये. आपल्या मे महिन्यात तासभर! तळून काढले की त्याच कढईत लोणी, दोन चमचे मैदा, मग गरम स्टॉक (मटण-चिकनची हाडं उकळून गाळलेलं पाणी). क्रीम अगदी शेवटी, मंद आचेवर. उकळी आणू नका. सावजी खाणाऱ्या आमच्या घरात ‘तिखट कुठाय?’ झालंच. मी बधले नाही, मिरपूड पुरते. तिकडे सोबत आंबटगोड लिंगनबेरी जॅम असतो. मी करवंदाचा वाढते.