पोरगं सगळं खोलून बसतंय

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, त्याच आठवड्यात शहराच्या पूर्व भागातलं एक जोडपं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. वडील मागावर कामाला, आई आणि आजी घरी विड्या वळतात. आईच्या हातातल्या पिशवीत मिक्सर होता, तोही सुटा सुटा. तुकडे माझ्या टेबलावर मांडत ती म्हणाली, "मॅडम, हे बघा. पोरगं सगळं खोलून बसतंय. आधी रेडिओ, मग पंख्याचा रेग्युलेटर, आता हे. परवा तर दाराची बेलच काढली. सातवीत आहे. अभ्यासाला बसवलं की डोकं दुखतंय म्हणतो, आणि याला मात्र रात्रीचे बारा वाजले तरी चालतात."

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे आईवडील बहुतेक हीच काळजी घेऊन येतात. या पोराचं डोकं वाया तर जात नाही ना? घरात त्याला चिन्ना म्हणतात, तेलुगूत धाकटा. मीही इथे तेच म्हणते. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

आईचा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं, "ताई, त्याला जे आवडतं ते करू दे. पोरगं खूश पाहिजे, बाकी सगळं होतं." वडिलांना ते मुळीच पटलं नव्हतं. मोठ्या आवाजात म्हणाले, "खूश काय खूश? घरात शांतता पाहिजे. बारा तास खडखडाट ऐकून येतो मी." पुढे मी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांनी भलतीच उत्तरं दिली. मला वाटलं, रागात आहेत, माझं ऐकायचं नाही. ती माझी चूक होती, आणि ती मला पुढच्या भेटीत कळली.

अशा मुलाच्या बाबतीत मी आधी काही गोष्टी पाहून घेते. वाचताना अक्षरं उलटसुलट होतात का, एका जागी बसणं त्याला कुठेच जमत नाही की फक्त पुस्तकासमोरच जमत नाही, शाळेत कुणी त्रास देतं का. चिन्नाच्या बाबतीत असं काही सापडलं नाही. आईने एक गोष्ट मात्र अशी सांगितली की मला तो मुलगा डोळ्यांसमोर दिसला. गड्ड्यावर सगळी भावंडं आकाशपाळण्यात बसली, हा खाली पाळण्याच्या इंजिनापाशी उभा राहिला. "पैसे दिलते त्याला तिकिटाचे. ते पैसे तसेच परत आणले, मॅडम."

दुसऱ्या भेटीला नानम्मासकट, म्हणजे आजीसकट, सगळं घर आलं. मी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि दहा पायऱ्यांची शिडी काढायला सांगितली. सगळ्यांत वर तुमच्यासाठी चांगल्यात चांगलं आयुष्य, सगळ्यांत खाली वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर? ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. जागतिक आनंद अहवालात देशांचे जे क्रमांक लागतात, तेही याच प्रश्नावरून. 2018 ते 2025 दरवर्षी पहिला आलेला फिनलंड काही हसण्याखिदळण्यासाठी ओळखला जात नाही. तिथली माणसं आपल्या आयुष्याकडे पाहून वरची पायरी सांगतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शिडीबरोबर मी आणखी एक विचारते: गेल्या आठवड्यात तुम्हाला सगळ्यांत बरं कधी वाटलं?

नानम्मा म्हणाली, विड्या देऊन घरी आल्यावर हात धुऊन चहा घेते तेव्हा. आई म्हणाली, सगळे जेवून उठले की. वडिलांसाठी मला प्रश्न पुन्हा विचारावा लागला. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी सकाळी, माग बंद असतात तेव्हा. चिन्ना खाली बघत म्हणाला, "मोटर फिरली तेव्हा."

या चार उत्तरांनी माझं अर्धं काम केलं. स्टॅनफर्डमधल्या जीन त्साय यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांना विचारलं होतं की तुम्हाला कसं वाटायला हवं असतं. गोऱ्या अमेरिकन लोकांनी उत्साहाला, अंगात संचारणाऱ्या आनंदाला जास्त मोल दिलं. हाँगकाँगच्या लोकांनी निवांतपणाला त्यांच्यापेक्षा जास्त दिलं. मामांचं 'खूश' आणि वडिलांची 'शांतता' यांत खरं-खोटं कुणीच नव्हतं. आपल्या भाषेतही आनंद, सुख आणि समाधान हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि म्हातारं माणूस आशीर्वाद देताना सुखी राहा, समाधानी राहा म्हणतं. मी वडिलांना म्हणाले, "दादा, तुम्हाला समाधान हवंय, पोराला आनंद झालाय. एका घरात दोन्ही मावतात. पण त्याचा आनंद तुमच्या कानावर आदळतोय, ते आधी बघू."

शिडीवर चिन्नाने स्वतःला चौथ्या पायरीवर ठेवलं होतं. वडिलांना वाटलं होतं, तो आठव्या-नवव्यावर असेल. "खेळतच असतो की दिवसभर!" कागद हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

मग मी चिन्नाला एकट्याला बसवलं. इतके दिवस कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "बेल कशाला काढलीस?"

तो सांगू लागला. पप्पांची रात्रपाळी असली की ते दुपारी झोपलेले असतात. मम्मी आणि नानम्मा विड्या द्यायला गेलेल्या असतात. हा शाळेतून येतो आणि बेल वाजवतो. "पप्पांना ऐकूच येत नाही, मॅडम. मी अर्धा अर्धा तास बाहेर. कुकरची शिट्टीबी ऐकू येत नाही त्यांना. मी बेलच्या वायरीतून पलंगापाशी बल्ब नेणार होतो. मिक्सरमधलं बटण पाहिजे होतं त्याला."

माझ्या अंगावर काटा आला. एक तर 230 व्होल्टच्या वायरीत हा पोरगा हात घालत होता. आणि जे मला, आईला, कुणालाच दिसलं नव्हतं ते याने टिपलं होतं. वडील रागात नव्हते, त्यांना माझे प्रश्न नीट ऐकूच गेले नव्हते. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडला तर कान जातात, आणि मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या वर असतो. हळूहळू जातात, म्हणून माणसाला स्वतःलाही कळत नाही. गेलेलं परत येत नाही, पण कानात इअरप्लग, म्हणजे आवाज अडवणारे बोळे, घातले तर पुढचं वाचतं.

सगळ्यांना आत बोलावलं आणि चिन्नालाच सांगायला लावलं. तो भिंतीकडे बघून बोलला. वडील काही म्हणाले नाहीत. नानम्माने मात्र पदर डोळ्याला लावला.

तेव्हा मी त्यांना तेलंगणातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांच्याबद्दल सांगितलं. पोचमपल्ली साडीचं सूत आसूवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या खुंट्यांच्या चौकटीवर, चढवताना त्यांच्या आईचा, लक्ष्मीचा, हात दिवसाला हजारो वेळा मागेपुढे व्हायचा आणि खांदा भरून यायचा. ते बघून मुलाने कित्येक वर्षं खटपट केली, 1999 मध्ये यंत्र उभं केलं आणि त्याला आईचंच नाव दिलं. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वडील सावरून बसले. विणकराची गोष्ट होती, आपल्यातल्याच माणसाची. आईने लगेच विचारलं, "त्यांनी शाळा किती केली?" सहावीपर्यंत, आणि मी ते लपवलं नाही. पण ती परिस्थितीने सुटली होती, आणि शाळा सुटल्यामुळे यंत्र झालं असं कुणी समजू नये. चिन्नाची शाळा सुटायची नाही, हे त्याच्यासमोरच ठरलं.

वडिलांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. शाळेतून 'इन्स्पायर'साठी, म्हणजे मुलांच्या कल्पनांना बक्षीस देणाऱ्या सरकारी योजनेसाठी, कल्पना पाठवतात, निवड झाली तर दहा हजार मिळतात म्हणे, पाठवू का? पाठवा, पण आत्ताच नको, असं मी म्हणाले. कारण 1973 चा एक प्रयोग मला कायम आठवतो. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र देऊ. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात त्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. ज्यांना तेच बक्षीस न सांगता, नंतर दिलं, त्यांची आवड कमी झाली नाही. चिन्नाचा प्रश्न घरातल्या माणसासाठी होता. तो आधी घरात सुटू दे.

ठरलेल्या गोष्टी मोजक्याच. भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, फक्त सेल वापरायचे. खोलायचं ते भंगारातलं, आणि एक वस्तू परत जोडल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. संध्याकाळी आधी एक तास पुस्तक, मग एक तास त्याचं काम, रात्री नऊला त्याच्या सामानाची पेटी बंद. वडिलांनी आठवड्यातून एकदा त्याने केलेलं शेजारी बसून बघायचं. चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, फक्त "हे कसं चालतं?" एवढं विचारायचं. आणि कान तपासून घ्यायचे.

महिन्याभराने चिन्ना आला तोच एक खोका घेऊन. बल्बचा बेत त्याने सोडला होता. "झोपलेल्या माणसाचे डोळे बंद असतात, मॅडम. उजेड दिसणारच नाही." मग त्याने जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर काढून उशीखाली ठेवली, ती फारच कमजोर निघाली. शेवटी खेळण्यातल्या मोटारगाडीची मोटर घेतली आणि तिच्या दांडीवर एका बाजूला नट बसवला. वजन एकाच बाजूला असल्यामुळे फिरताना ती झटके देते. दाराशी एक बटण, तिथून पलंगापर्यंत वायर, दोन सेल. नट दोनदा उडाला. तिसऱ्या वेळी वडिलांनी कारखान्यातल्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारून बारका वॉशर आणला आणि रात्री दोघांनी मिळून तो बसवला.

वडिलांच्या कानांचा रिपोर्ट फारसा बरा नाही. यंत्र लावायला ते अजून तयार होत नाहीत, पण बोळे मात्र घालतात. चिन्नाचे गणितातले मार्क थोडे वाढलेत, इतिहासात आहेत तेवढेच आहेत.

जाताना मी वडिलांना विचारलं, ते उशीखालचं कसं वाटतं? त्यांनी तळहात माझ्या टेबलावर ठेवला, बोटं हलकेच थरथरवून दाखवली आणि म्हणाले, "माग चालू झाला की हाताला लागतंय ना, तसं. फक्त आवाज नाही."