एकट्याने बनवलेल्या ॲक्शन गेमसाठी स्टीमवरचं चित्र कसं असावं?

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षं खपून एकट्याने 'दांडपट्टा' नावाचा टू-डी, पिक्सेल-चित्रांचा ॲक्शन गेम बनवलाय, नायिका दांडपट्टा फिरवते, आता स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, पान टाकायचंय. चित्र म्हणून गेममधलाच स्क्रीनशॉट लावू, की चित्रकाराला पैसे देऊ? मनात चित्रही ठरलंय: कड्यावर पाठमोरी उभी नायिका, समोर सूर्यास्त, लांबवर किल्ला.

चित्रकाराला पैसे जरूर द्या. पण हे चित्र काढून घेऊ नका.

मी सोलापूरची, गेमची चित्रं काढते. आमचे अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चादरींच्या जेकार्डचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून कार्डांना भोकं पाडायची, मग मागावर मोर उतरायचा. लहानपणी मला वाटायचं, पिसं जास्त तितका मोर देखणा. अप्पा मात्र ग्राफ भिंतीला टांगायचे, मागे मागे दारापर्यंत जायचे, तिथून बघायचे आणि परत येऊन पिसं खोडायचे. म्हणायचे, "दुकानात चादर पसरून कोण ठेवतं गं? थप्पीत घडी दिसते तेवढीच." गिऱ्हाईक घडीकडे बोट दाखवतं, मग दुकानदार चादर उलगडतो.

स्टीमवर तुमचा गेम अशाच थप्पीत असणार आहे. स्मॉल कॅप्सूल, म्हणजे याद्यांमध्ये दिसणारं गेमचं छोटं चित्र, म्हणून तुम्ही ४६२ × १७४ पिक्सेलचं चित्र चढवता. त्यातून स्टीम आपणहून १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशी आणखी दोन लहान चित्रं बनवून ठेवतं आणि याद्यांमध्ये ती वापरतं. १२० × ४५ म्हणजे टपालाच्या तिकिटाहून लहान. तुमचा सूर्यास्त तिथे एक नारिंगी पट्टी होईल आणि नायिका त्या पट्टीवरचा काळा ठिपका.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. फ्लेक्सच्या दुकानातलं काम सोडून पहिल्यांदा एका गेमचं चित्र घेतलं, तेव्हा तीन आठवडे चिलखताची कडी न् कडी रंगवली. पान चालू झालं त्या दिवशी यादीत बघितलं तर तपकिरी डाग. नावही वाचता येईना. ज्यांचा गेम होता त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली, यावेळी १२० × ४५ च्या चौकटीपासून. तेव्हापासून मी मोठं चित्र आधी काढतच नाही.

आता पाठमोरी नायिका का नको ते सांगते. ॲक्शन गेमचं चित्र म्हणजे क्रियापद. सूर्यास्त बघणारी बाई दिसली की बघणाऱ्याला वाटतं, हा शांतपणे फिरायचा, गोष्ट ऐकायचा गेम असेल. ज्याला मारामारी हवी तो पुढे सरकतो, ज्याला शांतता हवी तो आत येऊन निराश होतो. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुआच्या बाहेर जो रंगवलेला फलक लावतात तो आठवा. मोटारसायकल आडवी, चाक भिंतीला, स्वाराचे दोन्ही हात मोकळे. आत काय होणार हे लांबूनच, अक्षर न वाचता कळतं. तुमच्या चित्रात दांडपट्टा फिरताना दिसायला हवा. पातं चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकं गेलेलं, नायिकेचा चेहरा आपल्याकडे, कमरेपासून वरचा भाग आणि पुरेसा मोठा. शत्रू एकच, तोही अर्धा. किल्ला गाळा. फारच जीव असेल तर फिकट आकार म्हणून मागे ठेवा.

सगळं चित्र काळ्या रंगाने भरून बघा. नुसत्या बाह्यरेषेवरून नायिका ओळखू येते का? 'हॉलो नाइट' या गेममधलं ते पांढरं शिंगाचं डोकं कितीही लहान करा, ओळखू येतंच. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक, मूठ कोपरापर्यंत झाकणारी; असा आकार इतर गेमांच्या तलवारींत क्वचितच दिसेल. हे तुमच्याकडे आयतं आलेलं सोनं आहे. मग रंग काढून टाकून करड्या छटांत बघा. नायिका आणि मागचा भाग एकाच छटेचे झाले तर रंग कितीही भडक असले तरी लहान आकारात दोन्ही एकमेकांत विरघळतात.

नावाबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे मराठी माणसं हमखास फसतात. स्मॉल कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी चौकट व्यापली पाहिजे. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, म्हणजे ४५ पिक्सेल उंचीतले वरचे-खालचे काढले की अक्षराच्या अंगाला वीस-पंचवीसच उरतात. तुमच्या 'दांडपट्टा' मध्ये अनुस्वार आहे आणि 'ट्ट' आहे. बारीक अक्षरात अनुस्वाराचा ठिपका उडतो आणि 'ट्ट' ची गाठ होते. देवनागरीच हवी असेल तर जाड अक्षर, आखूड मात्रा आणि ठसठशीत अनुस्वार नव्याने काढून घ्या, तयार फॉन्ट नको. जगभर विकायचं असेल तर मी नाव रोमन अक्षरांत ठेवीन आणि मराठीपण पोशाखात, शस्त्रात, रंगात आणीन. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, त्यातल्या मुलीच्या हातातलं त्रिशूळ बघून कुठल्या मातीतला गेम आहे हे सांगावं लागत नाही.

चित्रावर बक्षिसांचे शिक्के, तारे, 'सवलत' असं काही टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं.

चित्रकाराशी बोलताना पहिल्याच दिवशी सांगा की चित्र वेगवेगळ्या थरांत हवं: नायिका वेगळी, शत्रू वेगळा, मागचा भाग वेगळा, नाव वेगळं. कारण हेडर, म्हणजे गेमच्या पानावरचं मथळ्याचं चित्र, ९२० × ४३० चं आडवं, उभं कॅप्सूल ७४८ × ८९६ चं आणि लायब्ररीचं, म्हणजे खेळणाऱ्याने घेतलेल्या गेमच्या संग्रहात दिसणारं, ६०० × ९००. आडवं चित्र कापून उभं करायला गेलात तर पट्ट्याचं टोक तरी जाईल नाहीतर डोकं. थर सुटे असले की नायिका उचलून नव्याने मांडता येते. पूर्ण रंगकामाआधी तीन-चार कच्ची रेखाटनं मागा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि ती १२० × ४५ वर आणूनच निवडा. हक्क कोणाकडे राहणार हे लेखी घ्या. पुढे टी-शर्ट किंवा पोस्टर छापायचे झाले तर अडायला नको.

रंगवलेलं चित्र आणि तुमचा पिक्सेलचा गेम वेगळे दिसतील ही भीती रास्त आहे, पण त्यात फसवणूक नाही. लुगड्याचा रंग, शत्रूचा प्रकार, दिवस की रात्र हे गेमशी जुळलं की झालं. बाकी खरं रूप स्क्रीनशॉटनी दाखवायचं. ते किमान पाच लागतात, १९२० × १०८० चे, आणि प्रत्यक्ष खेळातलेच हवेत. पातं शत्रूला लागतंय त्या क्षणाचे घ्या, पाचही वेगवेगळ्या जागांचे, आणि सगळ्यात जोरकस पहिला लावा. मेनूचा एकही नको.

चित्र तयार झालं की स्टीमच्या एखाद्या यादीचा फोटो घ्या, त्यातल्या एका गेमवर तुमचं चित्र त्याच मापात चिकटवा आणि घरातल्या कोणालातरी दोन सेकंद दाखवा. "यात काय चाललंय?" एवढंच विचारा. माझा भाचा एकदा म्हणाला, "कोणीतरी उभंय." मी ते रेखाटन बाजूला ठेवलं. पुढचं दाखवलं तर म्हणाला, "ती त्याला उडवतेय." रंगकाम त्याच्यावर सुरू केलं.