बांधलेली कामं सोडून स्वतःचं डीप क्लीनिंग सुरू करू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात वारज्याला राहते, 11 वर्षं झाली पाच घरची धुणीभांडी आणि फरशी करते. मागच्या महिन्यात एका मॅडमचा भाड्याने द्यायचा फ्लॅट रिकामा झाला, तर नवीन भाडेकरू यायच्या आधी साफ करून दे म्हणाल्या, मी आणि माझी जाऊ दोघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासत होतो आणि हातात 500 रुपये ठेवले, दोघींचे मिळून. त्याच सोसायटीत दुसरी पोरं मशीन घेऊन येतात, ती हजारांत बिल करतात. आम्ही दोघींनी स्वतःचंच सुरू करावं म्हणतोय. पण रेट काय सांगायचा, मशीन लागेल का, लायसन लागतं का? घरचे म्हणतात बांधलेली कामं सोडू नको.
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, ते 500 रुपये वाचून खूप वाईट वाटलं. मी ठाण्यात 9 वर्षं हेच काम करतेय आणि माझीही सुरुवात अशीच झाली, काम आधी आणि पैशाचं बोलणं नंतर. मग समोरचा देईल तेच घ्यावं लागतं.

म्हणून पहिलं सांगते ते रेटचं. फोनवर आकडा सांगायचाच नाही, घर बघायला जायचं. बाथरूम किती, खिडक्या किती, चिमणी आहे का, नळावर खारट पाण्याचे पांढरे थर किती जुने, रंगकाम झालं असेल तर फरशीवर ठिपके आहेत का, हे सगळं बघून तास मोजा. समजा दोघींना 7 तास लागणार, म्हणजे 14 तास झाले, तासाला 150 धरले तर 2100, साबण-लिक्विडचे 200, रिक्षाचे 150, असे 2450 रुपये. 150 हा मी उदाहरणाला घेतलाय, तुमच्या भागात काय चालतं ते विचारून ठरवा पण हिशोब असाच करा. कोणी कमी करा म्हटलं तर काम कमी करायचं, रेट नाही. कपाटं आतून नको असतील तर तेवढे तास वजा. आणि काय करणार, काय नाही हे व्हॉट्सॅपवर लिहून पाठवा, सुरू करायच्या आधी फोटो काढून ठेवा, आधीच तडा गेलेली टाइल नंतर तुमच्या नावावर यायला नको.

मशीन आत्ता घेऊ नका. शिडी, लांब दांड्याचा जाळी काढायचा झाडू, मॉप, दोन बादल्या, स्क्रबर, जुने टूथब्रश, रबरी हातमोजे आणि दोन रंगांची मायक्रोफायबर फडकी, एक रंग किचनला आणि दुसरा बाथरूमला, कधीच अदलाबदल नाही. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा घालून ओढला की धूळ आतच राहते, खाली गादीवर पडत नाही.

आता अ‍ॅसिडचं, इथे नीट लक्ष द्या. पहिल्याच वर्षी मी एका घरी मार्बलच्या ओट्यावर टॉयलेट क्लीनर टाकला, डाग जाईल म्हणून, आणि ओट्याची चकाकीच गेली, पॉलिशवाल्याचे पैसे मी भरले. मार्बल, कडप्पा, कोटा, शहाबादी, हे सगळे चुन्याचे दगड, अ‍ॅसिड त्यांना खातं, लिंबू-व्हिनेगरसुद्धा. ग्रॅनाइट आणि साध्या टाइल्सना तेवढा धोका नाही. आणि ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं. काच बाहेरून पुसायला खिडकीच्या बाहेर उतरायचं नाही, मालकीण कितीही म्हणाली तरी. हात पोचेल तेवढंच.

कागदपत्रांना घाबरू नका. जीएसटी वर्षाला 20 लाखांची उलाढाल झाल्यावर. शॉप अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे दुकानं-व्यवसायांच्या कायद्यात, तुमच्यासारखी दोघींचीच कामं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी आणि असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड दोन्ही सरकारी साइटवर फुकट आहेत, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा दोघींचा काढाच, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं कव्हर. आपलं काम शिडीवरचं आहे.

घरच्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. पाचही घरं एकदम सोडू नका, आधी दुपारची एक-दोन सोडा. दसरा-दिवाळीच्या आधी फोन थांबत नाहीत पण दिवाळी झाली की काम एकदम बसतं, तेव्हा बांधलेला पगारच चूल चालवतो. वर्षभर काम हवं तर रिकामे फ्लॅट धरा. 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की भाडेकरू बदलतो, आणि ते सगळ्यात आधी एजंटला कळतं, पेंटरला कळतं. त्यांना जाऊन भेटा.

जावेबरोबरचा हिशोब पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, सामानाचे आणि रिक्षाचे पैसे आधी बाजूला, उरलेले अर्धे-अर्धे. घरातलं माणूस आहे म्हणून तोंडी ठेवू नका.

आणि त्या मॅडमना फोन करून त्यांच्या एजंटचा नंबर मागा, काम तर त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचाच फ्लॅट परत रिकामा झाला तर या वेळी घर बघून आधी आकडा सांगायचा.