‘मागच्या वर्षीची लस खोटी होती का?’

मे महिन्यात द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून आबा आमच्या ओपीडीत आले. (गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत, द्राक्षबाग तेवढी खरी.) वय सहासष्ट, दम्याचा जुना त्रास. छातीच्या डॉक्टरांनी फ्लूची लस लिहून दिली, तर आबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. म्हणून समजावून घ्यायला त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. सोबत सूनबाई, तिच्या मांडीवर पाच महिन्यांची नात.

बसता बसताच म्हणाले, “ताई, धनुर्वाताचं इंजेक्शन वर्षानुवर्षं तेच. हीच लस दरवर्षी नवी कशी? मागच्या वर्षीची खोटी होती का? आणि एवढ्यात नवी करतात, तर तपासतात कधी?”

असं विचारणाऱ्याला लोक अडाणी ठरवतात, ते मला अजिबात पटत नाही. अंगात काय जातंय हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र अशा प्रश्नामागे बहुधा एखादा अनुभव असतो. तो बाहेर आल्याशिवाय माहिती कानाआड जाते. मी विचारलं, “मागच्या खेपेला काही त्रास झाला होता का?”

झाला होता. सप्टेंबरात लस घेतली आणि आठव्या दिवशी तापानं फणफणले. दसरा खोकण्यात गेला. तेव्हापासून लसीनंच फ्लू दिला, ही गाठ मनात पक्की.

मी सांगितलं, की दंडात टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यामुळे दंड दुखेल, एखाद-दोन दिवस कणकण येईल, पण फ्लू होणार नाही. शिवाय अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आठव्या दिवशीचा ताप म्हणजे ती तयार होण्याआधीच गाठलेला फ्लू, किंवा दुसराच एखादा विषाणू. “नक्की कशाचा, ते आज कुणालाच सांगता येणार नाही, आबा. घशातला नमुना तेव्हा तपासलाच नव्हता.” ते काही बोलले नाहीत, पण पुढे सरकून बसले.

मग मी मूळ प्रश्नाकडे वळले. फ्लूचा विषाणू स्वतःची नक्कल करताना सारखा चुकतो. त्या चुकांनी त्याचं बाहेरचं रूप बदलत जातं आणि गेल्या वर्षी ओळख झालेलं शरीर त्याला नीट ओळखत नाही. म्हणून १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं प्रयोगशाळांचं जाळं उभं केलंय. आज त्यात शंभराहून जास्त देश आहेत आणि आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाही आहे. रुग्णांच्या नाका-घशातले नमुने तिथे वर्षभर तपासले जातात. त्या माहितीवरून तज्ज्ञ वर्षातून दोनदा लसीचे वाण, म्हणजे तिच्यात कोणते विषाणू घ्यायचे ते, ठरवतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

‘वाण’ म्हटल्यावर आबांनी मान वर केली. मला धागा सापडला. विचारलं, “तुमची बाग कशावर आहे?”

“डॉगरीजच्या खुंटावर. वर थॉमसनचं कलम.”

“का?”

“मूळ दणकट पाहिजे ना. पाणी कमी, जमीन खारवट, तरी तग धरतं. द्राक्ष मात्र थॉमसनचंच लागतं.”

लसही अशीच कलमाची असते. नवा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात फारसा वाढत नाही. म्हणून १९३४ सालच्या प्वेर्तो रिकोतल्या एका विषाणूशी त्याचा संकर करतात. तो जुना विषाणू अंड्यात भरभर वाढतो. आतला बहुतेक सांगाडा त्या जुन्याचा, आणि शरीरानं ज्यांची ओळख ठेवायची ती बाहेरची प्रथिनं नव्याची. ए प्रकारच्या फ्लूसाठी अंड्यांवरची बहुतेक लस अशी तयार होते. मग विषाणू लाखो अंड्यांत वाढवून, मारून, शुद्ध करून कुप्या भरतात. निवडीपासून कुपीपर्यंत साधारण सहा महिने जातात.

“म्हणजे खुंट तोच, काडी नवी,” आबा म्हणाले.

इतकं नेमकं मला कधीच सांगता आलं नव्हतं. कृती जुनी असली तरी तपासणी दर वेळी होते. आपल्याकडे लसीच्या बॅचा कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत तपासल्या जातात, हेही सांगितलं. एखादी काडी कायमची गळतेसुद्धा. बी प्रकारच्या फ्लू विषाणूची यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं सापडलेली नाही. म्हणून २०२३ मध्ये तज्ज्ञांनी ती लसीतून काढायला सांगितलं.

“आणि अंदाज चुकला तर?”

इथे खोटी खात्री द्यायचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. “चुकतो,” मी म्हटलं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात निवड झाल्यावर एच३एन२ हा ए प्रकारातला विषाणू बदलला आणि अमेरिकेत लसीचा उपयोग २० टक्क्यांच्याही खाली आला. वाण नीट जुळलं, तर दवाखान्यात जाण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण जात नाही. पण दम्याच्या माणसाला आजार सौम्य राहिला तरी ॲडमिट होणं टळू शकतं.

आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग सुनेकडे वळून म्हणाले, “द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला आपण तरी पाऊस पडायच्या आधीच फवारतो. किती पडंल ते कुठं माहीत असतं.”

म्हणूनच मे महिना बरा, मी म्हटलं. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात, त्याआधी अंग तयार झालेलं हवं.

त्यांनी घडी केलेली चिठ्ठी काढली, पण उठले नाहीत. “हिला?” नातीकडे बोट करून विचारलं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला ही लस देता येत नाही. तोवर घरातल्या मोठ्यांनी घेतली, तर तिच्यापर्यंत फ्लू पोचण्याची शक्यता कमी होते.

आबांनी चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. “बाळाच्या बापाला फोन लाव. म्हणावं, फवारणी उद्यावर ढकल आणि आईला घेऊन इकडं ये.”