सेटिंगला दीड तास का लागतो?

प्रश्न : पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कार्यशाळेतल्या लेथचा सेटिंगचा वेळ कमी करायचाय. सध्या दीड तास जातो. नवा चक मागावा का?

जॉब पकडणारा चक आहे तोच राहू द्या. आधी एक अख्खी सेटिंग मोबाइलवर चित्रित करा, जुन्या जॉबचा शेवटचा नग उतरल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला नग निघेपर्यंत. मग ती बघत मिनिटामिनिटाचा हिशेब वहीत मांडा. पाना शोधणं, ड्रॉइंग आणायला जाणं, टूल घासून आणणं ही कामं आधीचा जॉब चालू असतानाच उरकता येतात. मशीन थांबवूनच होणारी कामं आणि मशीन चालू असताना होणारी कामं हा भेद जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मांडला. १९६९ साली टोयोटातल्या १००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग त्यांनी आधी ९० मिनिटांवर आणली, पुढे तीन मिनिटांवर.

त्यानंतर उरलेल्या कामांना हात घाला. बोल्ट आवळला जातो तो शेवटच्या आट्याला, आधीचे सगळे आटे फिरवणं म्हणजे नुसता वेळ. टूल दर वेळी त्याच जागी बसेल असा स्टॉपर लावलात, तर माप जुळवायला घ्यावे लागणारे ट्रायल कटही कमी होतात. बराचसा वेळ या जुळवाजुळवीतच जातो.

आणि एकाच मोजणीवर विसंबू नका. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी एकदाच वेळ घेतली, तीही सगळ्यात तरबेज ऑपरेटरची. तोंडी परीक्षेत सुधारणा कशाच्या तुलनेत, असं विचारलं आणि माझी दातखीळ बसली. वेगवेगळ्या हातांच्या निदान पाच-सहा सेटिंग मोजा.

प्रश्न : कंट्रोल चार्टवर सगळे बिंदू रेषांच्या आत आहेत, तरी जॉब रिजेक्ट होतात. असं कसं?

होतं असं. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, डिझायनर ठरवतो. कंट्रोल चार्ट हा वेळोवेळी घेतलेल्या मापांचा आलेख, त्यावरच्या रेषा मात्र प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारातून येतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये हा चार्ट मांडला तो चढउतार नेहमीचा की त्यामागे काही खास कारण, हे ओळखायला. जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही, ते तो सांगत नाही. स्थिर प्रक्रिया खराब जॉबही इमानेइतबारे काढत राहते.

शिवाय तुमचा चार्ट सरासरीचा असणार. चार-चार नगांच्या सरासऱ्यांचा पसारा सुट्या नगांच्या निम्माच असतो, त्यामुळे त्या रेषा टॉलरन्सशेजारी ठेवून निश्चिंत होऊ नका. मोजायचं गेजही तपासा. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापांच्या चढउतारात गेजचा आणि मोजणाऱ्याचा वाटा, १० टक्क्यांखाली असेल तर उत्तम. ३० च्या वर गेला, तर त्या गेजच्या आकड्यांवर निर्णय घेऊच नका.

प्रश्न : आधी सिक्स सिग्माचा बेल्ट की कार्यशाळेतला अनुभव?

कार्यशाळा. बेल्ट म्हणजे सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीतलं प्रमाणपत्र. दहा लाखांत ३.४ दोष हे तिचं माप तोंडपाठ असणारे पुष्कळ भेटतात, मोजण्याआधी मायक्रोमीटरचं शून्य तपासणारे थोडे. हातात खरा प्रकल्प आला की बेल्ट घ्या.

प्रश्न : गणित कच्चं आहे. जमेल का?

सरासरी, प्रमाण विचलन आणि गुणोत्तर पक्कं करा, सुरुवातीला तेवढं पुरतं. शिफ्टमध्ये कामाची ४५० मिनिटं आणि मागणी ९०० नगांची, म्हणजे दर ३० सेकंदांना एक नग निघायला हवा. हाच टॅक्ट टाइम. ओळीतलं एक मशीन नगाला ३८ सेकंद घेत असेल, तर बाकीची कितीही पळवा, शिफ्टला ७१० च्या वर नग निघणार नाहीत. त्या मशीनपुढच्या टोपल्या तेवढ्या भरतील.